प्रोथायमोसिन अल्फा आणि थायमोसिन बीटा-४: पेशीत कोण कुठे असते?

प्रोथायमोसिन अल्फा आणि थायमोसिन बीटा-४ ही पेशीतली दोन छोटी प्रथिने. वासराच्या थायमस ग्रंथीच्या (छातीतल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथीच्या) एकाच अर्कातून या दोन्ही नावांचा प्रवास सुरू झाला, म्हणून दोघांना भावंडे समजले जाते. नात्याने मात्र ती एकमेकांची कोणी लागत नाहीत. दोन्ही केवळ थायमसमध्येच नव्हे, तर बहुतेक पेशींत सापडतात. दोघांची सुरुवात अॅसिटिल लागलेल्या सेरिन-अॅस्पार्टेटने होते, पण साम्य तिथेच संपते.

प्रोथायमोसिन अल्फा हे सुमारे ११० अमिनो आम्लांचे प्रथिन. त्यातली जवळपास निम्मी आम्लधर्मी, त्यामुळे त्यावर ऋणभार प्रचंड असतो आणि त्याला ठरावीक घडी नसते. त्याचा मुक्काम केंद्रकात. शेपटाकडच्या टोकाजवळ लायसिनने भरलेला एक छोटा तुकडा आहे आणि तोच केंद्रकात शिरण्याचा परवाना. बेडकाच्या अंडपेशीच्या पेशीद्रवात हे प्रथिन टोचले, तर ते केंद्रकात जाऊन साठते. तिथे हिस्टोन एच-१ शी (डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या एका प्रथिनाशी) ते कमालीच्या घट्टपणे जोडले जाते, आणि गंमत म्हणजे जोडले गेल्यावरही दोघे विस्कळीतच राहतात.

थायमोसिन बीटा-४ फक्त ४३ अमिनो आम्लांचे, जेमतेम ५ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे प्रथिनांचे वजन मोजण्याचे एकक). त्याचे काम पेशीद्रवात: पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे सुट्या अॅक्टिनच्या एका रेणूला एक रेणू या हिशोबाने धरून ठेवायचे, म्हणजे अॅक्टिनचे तंतू अवेळी वाढत नाहीत. रक्तबिंबिकांमध्ये, ज्यांना केंद्रकच नसते, ते शेकडो मायक्रोमोलर इतक्या मोठ्या प्रमाणात भरलेले असते. केंद्रकरंध्रातून सुमारे ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रथिने आपोआप झिरपू शकतात, तेव्हा आकार बीटा-४ ची वाट अडवत नाही. काही पेशींच्या केंद्रकातही ते दिसले आहे. म्हणून ‘अल्फा केंद्रकात, बीटा पेशीद्रवात’ हे सूत्र ढोबळमानाने ठीक, पण अल्फाच्या बाबतीत ते जितके पक्के तितके बीटाच्या बाबतीत नाही.

खरा घोटाळा थायमोसिन अल्फा-१ मुळे होतो. ही प्रोथायमोसिनची पहिली २८ अमिनो आम्ले. ऊतक सावकाश कुटले की एन्झाइमे लांब प्रथिन तोडतात आणि अर्कात अल्फा-१ मिळते. तेच ऊतक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून भुकटी केले आणि थेट उकळत्या बफरमध्ये टाकले, तर अखंड प्रोथायमोसिन हाती येते. अल्फा-१ विरुद्ध बनवलेले प्रतिपिंड दोघांनाही ओळखते. त्यामुळे ‘अल्फा-१ केंद्रकात दिसले’ असा निष्कर्ष प्रतिपिंडाला जोडलेल्या नुसत्या रंगावरून काढू नये: परवान्याचा तुकडा अल्फा-१ मध्ये नाहीच, आणि चमकणारे बहुधा अखंड प्रथिन असते.

पेशी फोडून केंद्रक वेगळे काढण्याची पद्धत इथे फसवी ठरते. ही प्रथिने इतकी लहान आणि विद्राव्य आहेत की पाण्याच्या बफरमध्ये केंद्रकातून गळून पेशीद्रवाच्या नळीत जमा होतात. पेशी जागच्या जागी स्थिर करून रंगवायच्या, तर थंड मिथेनॉलवरही भिस्त ठेवू नये, कारण प्रथिन नीट साकळले नाही तर धुण्यात निघून जाते. आधी प्रथिने जागी बांधून ठेवणारे ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, मगच पेशीपटल उघडणारे डिटर्जंट. तरीही फॉर्माल्डिहाइड मुख्यतः लायसिनला पकडते. बीटा-४ मध्ये ९ लायसिन आहेत, पण प्रोथायमोसिनच्या लांबलचक आम्लधर्मी मध्यभागात एकही नाही, म्हणून त्याची पकड सैल राहते. ब्लॉटिंगमध्येही (प्रथिने पातळ पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) प्रोथायमोसिन नायट्रोसेल्युलोजच्या पडद्याला नीट चिकटत नाही. प्रथिने रंगवणारा कूमासीचा रंग त्यावर धड बसत नाही. प्रथिने मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २८० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तर दोन्ही अदृश्य, कारण दोघांतही ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिनही नाही.

जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडून जिवंत पेशीत पाहणे बरे, पण जीएफपी २७ किलोडाल्टनचे, म्हणजे बीटा-४ च्या पाचपटीहून मोठे. वर्तन बदलले तर दोष कोणाचा, ते कळत नाही. प्रोथायमोसिनला ते कोणत्या टोकाला जोडायचे, हे तर आधीच ठरवावे. पेशी मरू लागली की कॅस्पेज-३ हे प्रथिने तोडणारे एन्झाइम परवान्याच्या तुकड्याच्या अलीकडे कात्री लावते आणि उरलेले मोठे प्रथिन पेशीद्रवात येते. जीएफपी शेपटाकडे असेल, तर ते त्या छोट्या तुकड्यासोबत केंद्रकातच चमकत राहील आणि स्थलांतर झालेच नाही असे वाटेल. अशा प्रयोगात जीएफपी सुरुवातीच्या टोकालाच लावावे.