दिल्ली ते लेह: विमानात सव्वा तास, पण सुट्टी धरा जास्त

लेहच्या बुकिंगला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, दिल्लीहून लेह किती लांब?" उत्तर तुम्हाला घरीच काढता येईल. नकाशात लेह दिल्लीच्या जवळजवळ नाकासमोर, उत्तरेला आहे. दिल्लीचा अक्षांश 28.6 आणि लेहचा 34.1, म्हणजे फरक साडेपाच अंशांचा. एका अंशाला साधारण 111 किलोमीटर धरले की आकडा येतो सहाशे दहाच्या आसपास. मनालीमार्गे रस्त्याने गेलात तर हेच अंतर साडेनऊशेच्या घरात जातं. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो खरा, पण वाटेत मुक्काम चुकत नाही आणि हिवाळ्यात बर्फामुळे तो रस्ता बंदच असतो.

विमान ताशी आठशेने जातं, मग पाऊण तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो, कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन थांबेपर्यंतचा. दिल्लीत धावपट्टीच्या रांगेतच पंधरा-वीस मिनिटं जातात. लेहला उतरताना सिंधूच्या खोऱ्यात, दोन्हीकडच्या डोंगरांमधून सावकाश यावं लागतं.

लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो, शिवाय तिथली विरळ हवा तापली की विमानाला पूर्ण वजन घेऊन उठणं जड जातं.

इथे आपल्या भागातल्या लोकांची गडबड होते. भुसावळहून दिल्ली रेल्वेने सुमारे 1,100 किलोमीटर. रात्री गाडी पोचेल, पहाटे विमान पकडू, असा हिशेब करू नका. एका कुटुंबाला आम्हीच तशी तिकिटं काढून दिली होती. गाडी आग्र्याच्या पुढे तीन तास उभी राहिली आणि विमान गेलं. चूक आमचीच होती. तेव्हापासून दिल्लीत एक रात्र मुक्काम असल्याशिवाय आम्ही लेहचं तिकीट काढत नाही. कुणी अतिकाळजी म्हणो की धंदा म्हणो.

आता खरी गोष्ट उंचीची. लेहचा विमानतळ सुमारे 3,250 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर जवळपास दुसरी कळसूबाई! जळगावहून नेलेली केळी वेफर्सची पाकिटं हॉटेलवर बॅगेतून काढून बघा, फुग्यासारखी टम्म झालेली असतात. बाहेरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या दोन-तृतीयांशावर आलेला असतो. श्वासातही तेवढाच कमी ऑक्सिजन मिळतो, आणि रस्त्याने हळूहळू चढताना शरीराला मिळणारी सवय विमानात मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस खोलीवर आराम, भरपूर पाणी, दारू नाही. खारदुंग ला ही आणखी उंचावरची खिंड तिसऱ्या दिवसानंतरच. बीपी, हृदयविकार किंवा दमा असेल तर बुकिंगआधी डॉक्टरांना विचारून या. तिथे डोकं दुखणं वाढलं, उलट्या झाल्या किंवा बसल्या जागी धाप लागली, तर "होईल कमी" म्हणत पडून राहू नका, लगेच दवाखाना गाठा.

परतीला एक दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडली की विमान रद्द होतं, आणि त्यापुढे आमचाही इलाज नसतो.

खिडकीची जागा हवी असेल तर जाताना डावीकडची मागा. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, फोटोत नुसती चमक येते.