चीनची भिंत नक्की कुणाची? छिनची वेगळी, मिंगची वेगळी

जीकेच्या पुस्तकात प्रश्न असतो, चीनची भिंत कोणी बांधली? उत्तर, सम्राट शी हुआंग टी. आणि शेजारी फोटो असतो डोंगरधारेवरून वळत गेलेल्या विटांच्या तटाचा, बहुतेक वेळा बीजिंगजवळच्या बादालिंगचा. उत्तराला आधार आहे, फोटोही खरा आहे, पण त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ती विटांची भिंत मिंग घराण्याची आहे, त्या सम्राटानंतर जवळपास १७०० वर्षांनी बांधलेली.

आधी छिन घराण्याची भिंत बघू. इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी हुआंगने (पुस्तकातला शी हुआंग टी तो हाच) उरलेली राज्यं जिंकून सगळा चीन एका सत्तेखाली आणला, मग काही वर्षांनी सेनापती मंग थ्येनला ३ लाख सैन्य देऊन उत्तरेला धाडलं, त्याने श्योंगनू टोळ्यांना पीत नदीच्या मोठ्या वळणापलीकडे हाकललं आणि तिथे भिंत घातली. सगळी नवीन नव्हती, यान आणि चाओ या आधीच्या राज्यांच्या भिंती होत्याच, त्या जोडून घेतल्या. दोन बाजूंना फळ्या लावायच्या, मध्ये माती भरायची, धुमसाने ठोकायची, की वर पुढचा थर, आणि डोंगरात जिथे माती नाही तिथे नुसते दगड रचायचे. हे काम सैनिकांनी, कैद्यांनी आणि वेठीला धरलेल्या लोकांनी केलं. इतिहासकार सिमा छ्यान पुढे शंभरेक वर्षांनी तिकडे स्वतः जाऊन आला आणि मंग थ्येनने लोकांच्या कष्टांची किंमत ठेवली नाही असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय, मला ही नोंद भिंतीच्या लांबीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

मधल्या काळात हान आणि इतर घराण्यांनीही भिंती बांधल्या, ते असो.

आता मिंग. इथे कारणच उलटं आहे आणि खरा फरक तोच आहे. छिनची भिंत जिंकलेल्या राजाची, नवा मुलूख राखण्यासाठी, तर मिंगची भिंत मार खाल्लेल्या राज्याची. १४४९ मध्ये थुमूच्या लढाईत मंगोलांनी मिंग सम्राटालाच कैद केलं, पुढे पीत नदीच्या वळणातला गवताळ प्रदेशही हातात राहिला नाही, हल्ला करून तो परत घेण्याची ताकद आणि पैसा नव्हता, म्हणून १४७०च्या दशकात त्याच्या दक्षिणेला भिंत बांधायला सुरुवात झाली. तरी १५५० मध्ये मंगोल सरदार अल्तान खान थेट बीजिंगच्या वेशीपर्यंत लूट करत आला. मग १५६८ पासून छी जिग्वांग या सेनापतीने बीजिंगच्या उत्तरेला हजाराहून जास्त पोकळ बुरूज उभे केले, आत शिबंदी राहणार, दारूगोळा आणि धान्य साठवणार, वर चर्या आणि मारा करायला झरोके. आपल्याकडे गडकिल्ले फिरणाऱ्यांना हे बुरूज बघताना एकदम ओळखीचं वाटेल. विटा जोडायच्या चुन्यात चिकट तांदळाची खळ मिसळायचे, त्याने सांधे इतके घट्ट बसलेत की अजून धरून आहेत.

पण वीट दिसली की मिंग आणि माती दिसली की छिन असं समजू नका, कारण पश्चिमेला गान्सूमधली मिंग भिंतसुद्धा ठोकलेल्या मातीचीच आहे. ओळखायचं ते जागेवरून. छिनची भिंत बरीच उत्तरेला, आजच्या इनर मंगोलियातून जाते, तिथे बाओतौजवळ ग्वूयांगला दगडी अवशेष आहेत, मिंगची त्या मानाने दक्षिणेला. लांबीचाही असाच घोळ होतो. ८,८५० किमी हा २००९ साली जाहीर झालेला आकडा फक्त मिंग भिंतीचा आहे (त्यातही नद्या, डोंगर असे नैसर्गिक अडथळे धरलेत), आणि २०१२चा २१,१९६ किमी हा सगळ्या घराण्यांच्या भिंतींचा मिळून.

लोककथेतही सरमिसळ झालीय. नवरा भिंतीच्या कामावर मेला म्हणून मंग च्यांगनू इतकी रडली की भिंत कोसळली, ही कथा छिनच्या काळातली म्हणून सांगतात, पण तिचं प्रसिद्ध मंदिर आहे शानहायग्वानजवळ, मिंग भिंतीच्या पूर्व टोकाकडे. त्याच शानहायग्वानला १६४४ मध्ये मिंग सेनापती वू सानग्वेने भिंतीपलीकडच्या मांचू लोकांशी हातमिळवणी करून त्यांना आत घेतलं. पुढे या मांचूंच्या छिंग घराण्याचं (छिन वेगळं) राज्य भिंतीच्या दोन्ही बाजूंना पसरलं, त्यामुळे अशी नवी भिंत बांधायची गरजच उरली नाही.