दम लागत नसतानाही पंप का घ्यायचा?

‘पंप एकदा सुरू झाला की आयुष्यभर सुटत नाही’ हे वाक्य नाशिकमध्ये दम्याच्या रुग्णाच्या घरी हमखास ऐकू येते. या भीतीपोटी डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला पंप थोडे बरे वाटताच कपाटात जातो, आणि धाप लागल्यावर ओढायचा दुसरा पंप मात्र खिशात, पर्समध्ये, गाडीच्या डिकीत कायम सापडतो. या समजुतीत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. पंपामुळे दमा चिकटून राहत नाही. दमा हाच दीर्घकाळ राहणारा विकार असल्यामुळे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. रोजचा पंप पेशीच्या आत जाऊन जे काम करतो ते इतके विलक्षण आहे की, ते समजल्यावर तो कपाटात ठेवून देणे कोणालाही जड जावे.

दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ वाढतो. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या केवळ एक पंचमांशाने घटली तरी विरोध जवळजवळ अडीच पट होतो आणि ती निम्मी झाली तर सोळा पट. त्यामुळे अस्तराची एरवी नगण्य वाटावी अशी सूजही रुग्णाला जिना चढताना जाणवते. महत्त्वाची गोष्ट अशी की, छातीत घरघर नसते, रात्री झोप लागते, अशा काळातही अस्तराला सूज आणणारा हा दाह पूर्णपणे शमलेला नसतो. सौम्य दमा असलेल्या आणि त्या वेळी कोणताही त्रास नसलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेच्या अस्तराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता त्यांतही दाहाच्या पेशी आढळलेल्या आहेत.

नाशिक परिसरात या दाहाला चिथावणी देणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. निफाडचा पारा घसरतो तेव्हाची कोरडी, थंड हवा अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर आटवते, उरलेला द्रव अधिक खारट होतो आणि त्यामुळे अस्तरातील मास्ट नावाच्या संरक्षक पेशी हिस्टामिनसारखी दाह वाढवणारी रसायने सोडतात. पावसाळ्यात पंचवटीतल्या जुन्या घरांच्या भिंतींवर बुरशी धरते, पावसानंतर मोकळ्या प्लॉटवरील गाजर गवत फुलते, द्राक्षबागेत भुरीसाठी गंधकाची धुरळणी होते आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रंगाची फवारणी किंवा वेल्डिंग करणाऱ्या कामगाराच्या नाकातोंडात धूर व सूक्ष्म कण जात राहतात. यांपैकी जे टाळता येईल ते टाळावेच, पण त्याच हवेने शेजारच्या निरोगी माणसाला सहसा धाप लागत नाही, कारण त्याच्या श्वासनलिकेत आधीपासून दाह नसतो.

खिशातल्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असते. १९६९ साली वापरात आलेले हे औषध स्नायूंच्या पेशींवरील बीटा-२ रिसेप्टरला (औषधाचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, काही मिनिटांत स्नायू सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. अटॅकच्या वेळी त्याला तोड नाही. मात्र दाहाला ते हातही लावत नाही. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग मारावा, तसा हा उपाय आहे. वरून भिंत स्वच्छ दिसते, आत पाणी झिरपत राहते. शिवाय ते रोज घेत राहिल्यास बीटा-२ रिसेप्टरांचा प्रतिसाद मंदावतो आणि चिथावणी देणाऱ्या पदार्थांना श्वासनलिका अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागते. दोनशे पफचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील तर तीव्र अटॅकचा धोका वाढतो, आणि बारा किंवा अधिक संपत असतील तर मृत्यूचाही. म्हणूनच दम्याच्या उपचारांबाबत जगभरात प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ साली, प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांवर केवळ अशा तात्पुरत्या पंपाने उपचार करू नयेत, अशी स्पष्ट शिफारस केली.

रोजच्या पंपात स्टेरॉईड असते आणि ‘स्टेरॉईड’ म्हटले की लोक दचकतात. व्यायामशाळांत गैरवापर होणारी स्टेरॉईड वेगळी. दम्यातील बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही औषधे आपल्याच मूत्रपिंडावरील ग्रंथींत तयार होणाऱ्या कॉर्टिसोलच्या कुळातली आहेत. बेक्लोमेथासोनचा पंप १९७२ साली आला आणि दाहावर थेट श्वासनलिकेतच औषध पोहोचवणे शक्य झाले.

आता पेशीच्या आत जाऊ. ॲलर्जीच्या दम्यात टी-हेल्पर-२ प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. इंटरल्युकिन-४ ॲलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडांचे उत्पादन वाढवते, ५ हे अस्थिमज्जेतून इओसिनोफिल या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावते, १३ हे कफ तयार करणाऱ्या पेशींची संख्या वाढवते. ही प्रथिने बनवण्याचे आराखडे जनुकांत असतात, आणि एरवी ती जनुके बंद असतात, कारण डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. दाह सुरू झाला की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि त्याच्याबरोबर येणारी विकरे (एन्झाइम) हिस्टोनांवर ॲसिटिल गट चिकटवतात. त्यामुळे हिस्टोनांचा धन विद्युतभार कमी होतो, ऋण भार असलेल्या डीएनएवरची त्यांची पकड सैल पडते, धागा उलगडतो आणि दाहाची जनुके वाचली जाऊ लागतात.

स्टेरॉईडचा रेणू मेदात विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सरळ आत जातो. पेशीद्रवात त्याचा रिसेप्टर सहायक प्रथिनांच्या पहाऱ्यात बसलेला असतो. औषध जोडले जाताच ती प्रथिने बाजूला होतात आणि रिसेप्टर औषधासह केंद्रकात प्रवेश करतो. तेथे तो उलगडलेल्या दाहाच्या जनुकांपाशी हिस्टोन डीॲसिटिलेज-२ या विकराला बोलावून आणतो, ते विकर ॲसिटिल गट काढून टाकते, धागा पुन्हा घट्ट गुंडाळला जातो आणि जनुके बंद होतात. लंडनचे संशोधक पीटर बार्न्स यांनी या यंत्रणेच्या उलगड्यात मोठा वाटा उचलला. याच रिसेप्टरचा दुसरा परिणाम मला तितकाच मोहवतो: तो बीटा-२ रिसेप्टरचे जनुक अधिक वाचायला लावतो, म्हणजे रोजच्या पंपामुळे अडचणीच्या वेळचा पंपही अधिक चांगला लागू पडतो. उलट, विडी-सिगारेटच्या धुरामुळे हिस्टोन डीॲसिटिलेज-२ची क्रिया घटते, म्हणून धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यावर स्टेरॉईडचा परिणाम कमी होतो.

जनुके बंद झाली तरी आधी तयार झालेली प्रथिने नष्ट व्हायला आणि जमलेल्या इओसिनोफिल पेशी मरून जायला वेळ लागतो. त्यामुळे रोजच्या पंपाचा गुण दिवसांनी, काही वेळा आठवड्यांनी दिसतो आणि पहिल्या रात्रीच आराम न मिळाल्याने रुग्ण तो निकामी ठरवतो. औषध बंद केल्यावर जनुके पुन्हा उघडू लागतात. २००० साली कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या वैद्यकीय नोंदींवरून असे दिसले की, वर्षभरात वापरलेल्या प्रत्येक जादा स्टेरॉईड पंपामागे दम्याने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होते, आणि औषध सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हे प्रमाण औषध चालू ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक होते.

दुष्परिणामांबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. तीव्र अटॅकमध्ये प्रौढाला दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची दिवसाची मात्रा ४० मिलिग्रॅम असू शकते, तर बुडेसोनाइडची रोजची कमी मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने तिच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. गिळले गेलेले बुडेसोनाइड यकृतातून जाताना बहुतांश निष्प्रभ होते. घशात राहिलेल्या औषधामुळे आवाज बसतो किंवा तोंडात बुरशी येते, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी. लहानपणी वर्षानुवर्षे हे औषध घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची एका दीर्घ अभ्यासात सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा परिणाम खरा आहे आणि पालकांना तो सांगायलाच हवा. पण ताब्यात नसलेल्या दम्यामुळे बुडणारी शाळा, जागून काढलेल्या रात्री आणि अतिदक्षता विभागापर्यंत जाणारे अटॅक यांच्या तुलनेत तो मला निश्चितच स्वीकारार्ह वाटतो.

या तुलनेऐवजी अनेक घरांत कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतील औषधावर किंवा मृग नक्षत्रावर हैदराबादेत जिवंत माशातून दिल्या जाणाऱ्या औषधावर भिस्त ठेवली जाते. चंद्रप्रकाशाने किंवा माशाने श्वासनलिकेचा दाह कमी होतो याला कोणताही वैज्ञानिक पुरावा नाही. अधिक धोकादायक आहेत त्या ‘दमा मुळापासून घालवू’ म्हणत विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्या. अशा पुड्यांत तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉईड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. पंपातील सूक्ष्म मात्रेला भिणारा माणूस मग नकळत त्याच कुळातले औषध कित्येक पट घेत राहतो.

औषध योग्य असूनही दमा ताब्यात येत नाही, तेव्हा घेण्याची पद्धत आधी तपासावी. फुप्फुसात खोलवर पोहोचायला कण साधारण एक ते पाच मायक्रोमीटरचे असावे लागतात. मोठे कण घशातच आदळतात. फवाऱ्याच्या पंपासाठी श्वास पूर्ण सोडून, कळ दाबता दाबता संथ आणि खोल श्वास आत घ्यावा व सुमारे दहा सेकंद रोखावा. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावला तर कळ आणि श्वास यांचा मेळ साधणे सोपे होते. कॅप्सूलमधली भुकटी ओढून घ्यायच्या रोटाहेलरला मात्र नेमका उलटा, जोरकस आणि वेगवान श्वास लागतो, कारण त्या ओढीनेच भुकटी सुटी होते. पंपाच्या रंगावर विसंबू नये, नाव वाचावे.

दमा ताब्यात आहे का, हे गेल्या चार आठवड्यांवरून ठरते: दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का, दम्याने रात्री कधी जाग आली का, तात्पुरता पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, आणि दम्यामुळे काही काम किंवा खेळ सोडावा लागला का. चारही उत्तरे नकारार्थी असतील तरच दमा पूर्ण ताब्यात. तीन किंवा चार होकारार्थी असतील तर तो बेताबाहेर आहे आणि उपचार बदलायला हवेत. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंपाने आराम मिळत नसेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. अनेक रुग्णांसाठी आता बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजसाठी आणि त्रासाच्या वेळीही वापरता येतो. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत स्नायू सैल करते आणि त्या प्रत्येक पफबरोबर दाहावरचे औषधही पोटात नव्हे, थेट श्वासनलिकेत जाते. दमा सुमारे तीन महिने पूर्ण ताब्यात राहिला की डॉक्टर मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी उतरवून पाहतात, पुन्हा काही महिने थांबतात आणि ज्या सर्वांत कमी मात्रेवर चारही उत्तरे नकारार्थी राहतात ती त्या रुग्णाची मात्रा म्हणून कायम करतात.