मेमरी मॅपिंगचे दोषशोधन : स्टोरेज ड्रायव्हर

डिस्कशी देवाणघेवाण करताना ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) मेमरीचा चुकीचा पत्ता देतो, दिलेली जागा वेळेआधी परत घेतो किंवा परत घ्यायचे विसरतो. अशा वेळी उद्भवणारे दोष हुडकण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. या दोषांत चूक एकीकडे घडते आणि पडझड दुसरीकडे दिसते. डिस्क कंट्रोलरने (डिस्क चालवणाऱ्या चिपने) मेमरीच्या भलत्याच पानावर (ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) लिहिलेला मजकूर बऱ्याच वेळाने एखादा असंबंधित प्रोग्रॅम कोसळला की लक्षात येतो. म्हणून शोधाची सुरुवात ‘काय बिघडले’ इथून करण्यापेक्षा ‘हा पत्ता कोणाचा’ इथून करणे श्रेयस्कर.

तीन पत्ते : प्रोसेसरवर चालणारा कोड आभासी पत्ता वापरतो. मेमरी चिपला भौतिक पत्ता कळतो. कंट्रोलर बस पत्ता वापरतो (बस म्हणजे उपकरणे जोडणारा मार्ग). आभासी पत्त्याचे भौतिकात रूपांतर एमएमयू हा प्रोसेसरमधील भाग करतो, बस पत्त्याचे आयओएमएमयू हा उपकरणांसाठीचा तसाच भाग करतो. मेमरीची जागा उपकरणाच्या ताब्यात देऊन तिचा बस पत्ता मिळवणे म्हणजे मॅपिंग, आणि ती परत घेणे म्हणजे मॅपिंग सोडवणे (अनमॅप). मराठवाड्यातील वाचकाला हे जमिनीच्या कागदांवरून चटकन उमगेल. जुन्या सेतवारात आणि खासरा पत्रकात सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. शिवारातले रान तेच. एकत्रीकरणाचा उतारा न पाहता जुना नंबर घेऊन मोजणीला गेलेला माणूस दुसऱ्याच्या बांधावर उभा राहतो. ड्रायव्हरने आभासी किंवा भौतिक पत्ता जसाच्या तसा कंट्रोलरच्या हाती दिला की नेमके हेच घडते.

उगम : प्रोसेसरला न गुंतवता उपकरणाने थेट मेमरीत लिहिण्याची (डीएमए) सुरुवात कोणत्या यंत्रापासून धरावी, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डायसिॲककडे (सुमारे १९५४) बोट दाखवतात, तर काही आयबीएम ७०९ (१९५७-५८) या यंत्राच्या डेटा चॅनेलना मान देतात. मात्र या दोन्हींत प्रश्न वेगाचा होता, पत्त्यांच्या रूपांतराचा नव्हता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मँचेस्टरचे ॲटलस (१९६२) अधिक जवळचे वाटते. त्यात ५१२ शब्दांची पाने होती. फिरत्या ड्रमशी (साठवणीच्या उपकरणाशी) पानाची ने-आण सुरू असताना त्या पानाच्या नोंदीतील ‘लॉक-आउट’ बिट चढवून चालू प्रोग्रॅमला तिथे मज्जाव करत. पान काही काळ उपकरणाच्या ताब्यात असते आणि त्या काळात प्रोसेसरने त्याला हात लावायचा नसतो, हा आजच्या मॅपिंगचा गाभा तिथे स्पष्ट दिसतो. पुढे सन कंपनीच्या वर्कस्टेशनांत उपकरणांनाही आभासी पत्ते मिळू लागले. यंत्रनिरपेक्ष मॅपिंग-संच म्हणून नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १.३ आवृत्तीतील (१९९८) बस-डीएमएचा उल्लेख बहुधा आधी केला जातो. लिनक्समध्ये पीसीआय या एका प्रकारच्या बसपुरते असलेले मॅपिंग २.६ मालिकेत (२००३ पासून) सर्व बसना लागू झाले.

दोषांचे प्रकार : सर्वांत फसवा दोष ‘चालून जाणाऱ्या’ चुकीचा. आयओएमएमयू बंद असलेल्या नेहमीच्या पीसीवर भौतिक आणि बस पत्ता बहुधा एकच असतो. त्यामुळे मॅपिंग न करता लिहिलेला ड्रायव्हर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो आणि आयओएमएमयू सुरू केल्याच्या दिवशी उघडा पडतो. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्टॅकवरील, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या जागेतील, बफर कंट्रोलरला देण्याची सवयही अशीच. लिनक्स ४.९ (२०१६) मध्ये एक्स८६ यंत्रांवर स्टॅक आभासी सलगतेच्या भागात (जिथे आभासी पत्ते सलग, पण भौतिक पाने विखुरलेली असू शकतात) हलवता येऊ लागला, तेव्हा असे अनेक ड्रायव्हर दुरुस्त करावे लागले.

विखुरलेल्या पानांच्या यादीचा हिशेब अधिक तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण अनुभवी हातही इथेच चुकतात. ड्रायव्हर ८ तुकड्यांची यादी मॅप करायला देतो. आयओएमएमयू शेजारचे तुकडे जोडून ३ परत देऊ शकते. कंट्रोलरला लिहून द्यायचे ते हे ३, पण मॅपिंग सोडवताना सांगायची संख्या मूळची ८ च. तिथे ३ सांगितले तर उरलेल्यांचा हिशेब अर्धवट राहतो, आणि आयओएमएमयू नसलेल्या यंत्रावर तुकडे बहुधा जोडलेच जात नसल्याने चूक दिसतही नाही. उत्तर ० आले तर मॅपिंग फसले असे समजून विनंती मागे घ्यावी लागते. एनव्हीएमई या प्रकारच्या डिस्कला पानांचे पत्ते ज्या पीआरपी यादीतून देतात, तिच्यात आणखी एक बंधन आहे : पहिली नोंद पानाच्या मध्यापासून सुरू झालेली चालते, पुढच्या नोंदी मात्र पानाच्या सीमेवरूनच सुरू व्हाव्या लागतात.

३२ बिटांपलीकडचा पत्ता न समजणाऱ्या कंट्रोलरसाठी कर्नल ४ जीबीच्या आतील मध्यस्थ बफर वापरतो. लिनक्समध्ये त्याचा आकार सर्वसाधारणपणे ६४ एमबी, आणि एका मॅपिंगला सलग २५६ केबीपर्यंतच जागा मिळते. म्हणून जुन्या यंत्रात मेमरी वाढवल्यावर डिस्क सुधारण्याऐवजी अडखळू लागली, तर आधी लॉगमध्ये हा बफर भरल्याची तक्रार शोधावी. मध्यस्थ बफरमुळे ‘सिंक’ (दोन्ही जागांतील मजकूर जुळवून घेणे) विसरण्याची चूकही उघड होते : कंट्रोलरने लिहिलेले एका जागी, ड्रायव्हर वाचतो दुसऱ्या जागी.

शोधाची पद्धत : पहिला साक्षीदार कर्नलचा लॉग. आयओएमएमयूच्या दोषनोंदीत उपकरणाचा बस क्रमांक, चुकलेला पत्ता आणि वाचन की लेखन हे तिन्ही मिळते. त्या पत्त्याची ड्रायव्हरने दिलेल्या मॅपिंगांशी सांगड घालावी. पत्ता नुकत्याच सोडवलेल्या मॅपिंगचा निघाला तर ताबा वेळेआधी सोडला, असा निष्कर्ष सहसा टिकतो. इथे एक अडचण आहे. वेगासाठी कर्नल आयओएमएमयूचे जुने भाषांतर लगेच पुसत नाही, त्यामुळे उशिराचे लेखन काही क्षण निमूट पार पडते. तपासताना जुने भाषांतर लगेच पुसणारी ‘स्ट्रिक्ट’ पद्धत चालू केली की तेच लेखन जागच्या जागी पकडले जाते. लिनक्स २.६.३० पासून (२००९) असलेली डीएमए-डीबग सोय मॅप आणि अनमॅपच्या जोड्या ताडून आकार, दिशा वा संख्या जुळत नसल्यास सांगते. मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे केएएसएएन (लिनक्स ४.०, २०१५) उपयुक्त असले तरी ते प्रोसेसरचे स्पर्शच पाहते. कंट्रोलरने केलेली नासधूस त्याला दिसत नाही, आणि नवख्यांचा इथेच गोंधळ होतो. विंडोजमध्ये ड्रायव्हरच्या डीएमए वापराची तपासणी ड्रायव्हर व्हेरिफायर करतो. डीएमएचा नियमभंग आढळल्यास यंत्र 0xE6 या संकेतांकाने थांबते.

मराठवाडा : छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था (१९८१) ही या भागातील अभियांत्रिकी शिक्षणाची जुनी केंद्रे. विद्यार्थ्याला सरावासाठी वेगळे हार्डवेअर लागत नाही. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आभासी एनव्हीएमई डिस्क आणि आभासी आयओएमएमयू दोन्ही मिळतात, आणि लातूर-परभणीतल्या घरच्या लॅपटॉपवरही डीएमए-डीबगसह कर्नल बांधून मुद्दाम ८ ऐवजी ३ लिहून पाहता येते. वाळूज, चिकलठाणा अशा औद्योगिक वसाहतींत यंत्रांना जोडलेल्या जुन्या पीसींबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. वीज खाली-वर झाल्यानंतर येणाऱ्या डिस्कच्या त्रुटी आणि टाइमआउट वरवर मॅपिंगच्या दोषासारखेच दिसतात. आयओएमएमयू चालू असताना लॉगमध्ये पत्त्याची दोषनोंद नसेल आणि तीच त्रुटी ठरावीक सेक्टरवर पुन्हा पुन्हा येत असेल, तर ड्रायव्हर उघडण्याआधी केबल, वीजपुरवठा आणि खुद्द डिस्क तपासावी.