पावसाने दडी मारली की विजेचं गणित का बिघडतं?

1915 साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि लोणावळ्याच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. वीजवाल्यांच्या हिशेबात पाऊस तेव्हापासूनच आहे, पण निर्मितीच्या बाजूला. धरण किती भरलं, एवढंच पाहायचं. पुढे कोयना आली तरी तेच. मागणीचा अंदाज लोकसंख्या, कारखाने आणि कृषिपंपांच्या जोडण्या धरून बांधायचा. हवामान जणू दरवर्षी सारखंच.

कोळशाचं केंद्र पावसावर अवलंबून नाही, हा समजही टिकला नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये मराठवाड्यातल्या दुष्काळात परळीचं 1,130 मेगावॅटचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं.

मागणीच्या बाजूचा खरा दणका ऑगस्ट 2023 चा. पावसाळ्यात पंप बंद, हवा गार, म्हणून औष्णिक संच दुरुस्तीला काढायचे ते याच महिन्यांत. त्या वर्षी देशात ऑगस्टचा पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी झाला. 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. खरीप वाचवायला पंप सुरू झाले, शहरांत एसी बंद होईनात आणि जलविद्युत घटली. 1 सप्टेंबरला देशाची कमाल मागणी 2 लाख 43 हजार मेगावॅटवर गेली. पुढच्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत तिने अडीच लाखांचा टप्पा गाठला. आकड्यापेक्षा मला ऑगस्ट जास्त काळजीचा वाटतो. मे तापणार हे गृहीतच असतं, पण दुरुस्तीचा हंगाम हातचा गेला तर संच थांबवायचे कधी?

दुपारची मागणी आता सौरऊर्जा बरीचशी पेलते. अडचण सूर्यास्तानंतरची, कारण रात्रीही उकाडा उतरत नाही आणि एसी चालूच राहतात. म्हणून जी मागणी दिवसावर ढकलता येईल ती ढकलायची. महाराष्ट्रात शेतीला आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज मिळत आली. रात्रीची पाळी म्हणजे अंधारात बिबट्या-सापांच्या भीतीने पाणी धरायचं. सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, म्हणजे फीडर, दिवसाच्या सौर विजेवर आणले जात आहेत.

घाटघरच्या 250 मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाची मूळ कल्पना अशी, की मागणी कमी असताना, म्हणजे रात्री, खालचं पाणी वर चढवायचं आणि गरजेला ते सोडून वीज करायची. नव्या उदंचन प्रकल्पांत मात्र पाणी चढवायची वेळ, सौर वीज असते तेव्हाची, भर दुपारची धरली जाते.