ब्रिग्जने दिलेल्या फुकट जागा आणि जळगावचे गाळे

जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या बहुतेक गाळ्यांचे भाडेपट्टे 2012 मध्ये संपले. त्यानंतर नोटिसा, थकबाकीची बिलं, सील, मोर्चे, औरंगाबाद खंडपीठ असा फेरा बरीच वर्षं चालला. भांडण भाड्याचं दिसतं, पण मूळ प्रश्न जुना आहे. गावात पेठ उभी करायची, जागा सरकारची आणि पैसा व्यापाऱ्याचा, तर ती पेठ कोणाची आणि किती दिवस? खानदेशात या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरं दिली गेली. त्यातलं पहिलं धुळ्यात, दोनशे वर्षांपूर्वी.

1803 साली होळकरांच्या फौजांची लूट आणि पाठोपाठ दुष्काळ, यांत धुळं पार ओस पडलं. गावात दिवा लावायला माणूस उरला नाही. लळिंग आणि सोनगीर हे परगणे तेव्हा पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्याकडे होते. त्यांचा कारभारी बाळाजी बळवंत याने पुढच्याच वर्षी माणसं आणून गाव पुन्हा वसवलं आणि त्याबद्दल त्याला इनाम जमीन मिळाली. म्हणजे वसाहतीचं कंत्राट आणि मोबदल्यात जमीन, हा व्यवहार इंग्रज यायच्या आधीपासूनचा आहे. इंग्रजांनी नवा शोध लावला असं काही नाही.

1818 मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या हाती आला. जिल्ह्याचं ठाणं म्हणून त्याने धुळं निवडलं. प्रदेशाच्या मध्यावरचं गाव, उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं, एवढी दोन कारणं त्याला पुरली. एरवी गाव लहानच, 1819 च्या मोजणीत तिथे होती 401 घरं आणि 2,509 माणसं. कचेऱ्या बांधायला सुतार आणि कारागीर लांबून आणावे लागले.

ब्रिग्जने व्यापाऱ्यांपुढे ठेवलेल्या अटी आज वाचल्या तर एखादा गाळेधारक उसासा टाकेल. नव्या धुळ्यात बांधकामाला जागा, तीही कायमची आणि बिनभाड्याची. वर पक्कं घर उठवायला तगाई, म्हणजे सरकारी कर्जाऊ रक्कम, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. सरकारला त्या जागेतून भाडं नको होतं. त्याला हवी होती वस्ती, कारण वस्ती आली की व्यापार येतो, वाट सुरक्षित होते आणि सारा वसूल होतो. पांझरेकाठच्या जुन्या धुळ्याची घरं वेडीवाकडी राहिली आणि शेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ उभी राहिली. आग्रा रोड आणि नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हा त्याच पेठेचा वारसा.

धुळ्याची ही आखणी विश्वेश्वरय्यांची, असं गावात कोणीही छातीठोकपणे सांगतं. ते इथे होते हे खरं. 1884 च्या सुमारास तरुण इंजिनिअर म्हणून ते खानदेशात आले आणि पांझरेवरच्या पाटाच्या कामात त्यांनी पाणी नळातून पलीकडे नेलं. पण ब्रिग्जने जागा वाटल्या तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. मोठ्या नावाला श्रेय चिकटतं, दुसरं काय.

पुढे 1872 च्या पुरात पांझरेने बरीच घरं नेली, 1900 मध्ये चाळीसगावहून रेल्वे आली. पेठ टिकली. मुंबई-आग्रा महामार्ग मात्र नंतर गावाबाहेर सरकला. आग्रा रोडला नाव तेवढं उरलं आणि ट्रकांची जागा लोटगाड्यांनी घेतली.

जळगावची गोष्ट कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (1861-65) कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच दशकात रेल्वेही आली. 1870 च्या दशकात कापडगिरणीचा भोंगा वाजू लागला. पुढे गिरणी बंद पडली आणि स्टेशनाजवळच्या तिच्या जागेवर ‘खान्देश सेंट्रल’ उभं राहिलं. तो खासगी मालकाचा मामला.

पालिकेने मात्र गावाच्या मधोमध स्वतःच संकुलं उठवायला घेतली: फुले मार्केट, गोलाणी मार्केट आणि नेहरू चौकातली सतरा मजली इमारत. गोलाणी तर विकासकाच्या पैशातून झालं. 1989 पासून वेगवेगळ्या योजनांसाठी हुडकोकडून, म्हणजे घरबांधणी आणि शहरी कामांना कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून, कर्जं घेतली गेली. गाळ्यांच्या बाबतीत हिशेब ब्रिग्जच्या उलट होता: जागा कायमची द्यायची नाही, ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने द्यायची, आणि भाड्यातून पालिकेची तिजोरी चालवायची. शहराला यातून बाजारपेठ मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. भुसावळ, जामनेर, एरंडोलचं गिऱ्हाईक इथे येऊ लागलं.

पण हुडकोचे हप्ते थकले आणि 2003 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा ते ओझं तिच्या डोक्यावर आलं. 2019 मध्ये राज्य सरकारने मध्ये पडून एकरकमी तोडगा काढला. मधल्या काळात गाळ्यांची मुदत संपली. महापालिकेला रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दराच्या, हिशेबाने भाडं हवं होतं आणि गाळेधारक जुन्या दराची सवय झालेला. त्यांच्यातल्या अनेकांनी गाळा घेताना मोठी रक्कम मोजलेली, त्यामुळे तो त्यांना स्वतःचाच वाटत आलेला. ज्याला पुढच्या वर्षी गाळा आपल्याकडे राहील की नाही ठाऊक नाही, तो गळक्या स्लॅबवर खर्च करत नाही. आणि थकबाकी सांगणारी महापालिकाही करत नाही.