पार्श्वभूमी : पक्षाघातानंतर अंथरूण कधी सोडायचे?

पक्षाघाताच्या रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवले की नातेवाईक धास्तावतात. 'अजून सलाईन लागलंय, जरा पडू द्या की,' हे वाक्य फिजिओथेरपिस्टच्या कानांना सवयीचे झालेले असते. त्यात नातेवाइकांची चूक नाही. काही पिढ्यांपूर्वी डॉक्टरही हेच सांगत होते.

लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांचे विश्रांतीच्या गुणांवरील पुस्तक १८६३ मध्ये आले आणि पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानले गेले. त्यांचा रोख मुख्यतः दुखऱ्या सांध्यांवर आणि जखमांवर होता. पण 'पडून राहा, बरे व्हाल' हे सूत्र सोपे होते, म्हणून ते कुठल्याही आजाराला चिकटले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणसाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. पक्षाघातात आणखी एक समजूत आड येई : मेंदूचा भाग मेला तो मेला, मग हात हलवून काय होणार?

ही समजूत खोटी ठरवणारा पुरावा तसा जुना आहे. १९१७ मध्ये शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ आणि ऑग्डेन यांनी माकडांच्या मेंदूला इजा करून एक बाजू लुळी पाडली, मग चांगला हात बांधून लुळा हात वापरायला भाग पाडले. हात पुष्कळ सुधारला. या प्रयोगाकडे अनेक दशके फारसे कुणी पाहिले नाही.

विश्रांतीचा पगडा सैल झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. खाटा अपुऱ्या होत्या, आणि लवकर उठलेली माणसे लवकर बरी होताना दिसत होती. १९४४ मध्ये विल्यम डॉक यांनी पूर्ण विश्रांतीच्या दुष्परिणामांवर लेख लिहिला. १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाचे धोके अवयवागणिक मोजून दाखवले : पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, पाठीला बेडसोर, आखडलेले सांधे, झिजलेले स्नायू. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या रुग्णांना चक्क खुर्चीत बसवले. पक्षाघाताचा रुग्ण मात्र या रांगेत मागेच राहिला.

त्याला हात लावला फिजिओथेरपिस्टांनी. बर्लिनहून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ यांनी १९४३ मध्ये सायमन एल्विस या चित्रकारावर उपचार केले. त्याची एक बाजू लुळी आणि ताठ झाली होती. त्यातून उभी राहिलेली बोबाथ पद्धत पुढे जगभर शिकवली गेली. रुग्णाच्या अंगाला हात घालून, योग्य हालचाल त्याच्याकडून करवून घेऊन ताठरपणा कमी करायचा, हा तिचा गाभा. तिने मोठे काम केले यात शंका नाही, पण तिच्यासोबत एक नवी भीतीही आली : जोर लावला तर ताठरपणा वाढेल. त्यामुळे स्नायूंना बळ देणारे व्यायाम कित्येक वर्षे टाळले गेले. ही भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. मला यात जुनी विश्रांतीच वेष बदलून आलेली दिसते. १९८० च्या दशकात सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी रोख बदलला : खुर्चीतून उठणे, पेला धरणे, चालणे ही कामेच व्यायाम म्हणून पुन्हा पुन्हा करायची.

'किती लवकर' हा प्रश्न ऐरणीवर आला तो नॉर्वेतल्या ट्रॉन्धाइममुळे. तिथे बेंट इंद्रेदाविक यांच्या गटाने पक्षाघाताच्या २२० रुग्णांपैकी निम्म्यांना खास स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे फक्त पक्षाघाताच्या रुग्णांसाठीच्या विभागात, आणि बाकीच्यांना साध्या वॉर्डात ठेवले. १९९१ मध्ये निकाल आला : युनिटमधली माणसे जास्त जगली आणि जास्त संख्येने घरी गेली. पुढच्या विश्लेषणात त्यांनी याचे मोठे श्रेय रुग्णाला लवकर उठवण्याला दिले. २००४ मध्ये ज्युली बर्नहार्ट यांनी मेलबर्नच्या स्ट्रोक युनिटमध्ये पाहणी केली, तेव्हा रुग्ण दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात आणि सुमारे ६० टक्के वेळ एकटे असल्याचे दिसले.

मग त्यांनी ॲव्हर्ट ही मोठी चाचणी उभी केली. पाच देशांतली ५६ रुग्णालये, २१०४ रुग्ण. एका गटाला २४ तासांच्या आत उठवून भरपूर हालचाल, दुसऱ्याला नेहमीची सेवा. बहुतेकांना निकाल ठाऊकच वाटत होता. २०१५ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि उलटा निघाला : तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण पहिल्या गटात ४६ टक्के, दुसऱ्यात ५० टक्के.

हे आकडे वाचून 'झोपवूनच ठेवा' असे म्हणणाऱ्याने दुसऱ्या गटाकडे नीट पाहावे. त्यातले रुग्णही साधारण २२ तासांत उठले होते. पहिल्या गटातले साडेअठरा तासांत. खरा फरक मात्रेत होता. पहिल्या गटाची हालचाल दिवसाला सुमारे ३१ मिनिटे, दुसऱ्याची १०. पुढच्या वर्षी याच आकडेवारीची फोड केली, तेव्हा थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठणाऱ्यांची स्थिती चांगली दिसली, आणि एकूण मिनिटे वाढवत नेल्याने मात्र नुकसान दिसले.

असे का व्हावे? गुठळीमुळे रक्त अडलेल्या भागाच्या कडेला काही पेशी जेमतेम तग धरून असतात. मेंदूचा आपला रक्तपुरवठा स्थिर ठेवण्याची एरवीची ताकदही तेव्हा ढासळलेली असते, त्यामुळे फार वेळ उभे राहणे त्या पेशींना महाग पडत असावे. हे पटण्याजोगे आहे, पण पुरेसे नाही. २०१७ च्या हेडपोस्ट चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना पहिले २४ तास सपाट झोपवले, काहींचे डोके उंच ठेवले. प्रश्न केवळ रक्तपुरवठ्याचा असता, तर सपाट झोपलेल्यांना फायदा दिसायला हवा होता, पण परिणामात फरक पडला नाही. १९९६ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग वेगळीच दिशा दाखवतो : मेंदूला इजा झाल्याबरोबर चांगला पाय प्लास्टरमध्ये बांधून दुबळ्या पायाला सतत राबवले, तर इजा झालेला भाग आणखी पसरला.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या सूचनांत पहिल्या २४ तासांतली भरमसाठ हालचाल टाळायला सांगितले आहे. पण 'लवकर' म्हणजे पहिला दिवसच असेही नाही. २०२१ मध्ये अलेक्झांडर ड्रोमेरिक यांच्या गटाने ७२ जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींना हाताच्या व्यायामाचे जादा २० तास वेगवेगळ्या टप्प्यांवर दिले होते. सर्वाधिक लाभ दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर मिळाला, पहिल्या महिन्यात त्याहून कमी, आणि सहा महिन्यांनंतर जवळपास काहीच नाही. बर्नहार्ट यांच्या गटाने पुढे ॲव्हर्ट-डोस ही चाचणी हाती घेतली. तिच्यात उठवायचे की नाही हा वाद उरलेला नाही. किती मिनिटे आणि दिवसातून किती वेळा, एवढेच तपासायचे आहे.